कंडेन्सेटच्या नळीवर बॅटरीविना सेन्सर

अंधेरीतल्या एखाद्या गाळ्यात बॉयलरच्या नळ्या दिवसभर तापलेल्या असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरची बॅटरी मात्र शिडी लावून बदलावी लागते. थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल, म्हणजे गरम व थंड बाजूंच्या तापमानातल्या फरकातून थेट वीज बनवणारी चपटी चकती, बसवून नळीची वाया जाणारी उष्णताच त्या सेन्सरला वीज म्हणून देता येते.

हा फरक टिकावा यासाठी वीज वाहू देणारा, पण उष्णता अडवणारा पदार्थ लागतो. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या, खडबडीत पृष्ठभागाच्या सिलिकॉन नॅनोवायरमधून (अतिसूक्ष्म तारेतून) उष्णता भरीव सिलिकॉनच्या साधारण शंभराव्या हिश्शाने वाहते, असे २००८ मध्ये प्रयोगांतून दिसले. अशा तारांचे मॉड्यूल किरकोळ बाजारात मिळत नसल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणाऱ्या बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाच्या, १२७ जोड्यांच्या, ४० मिलिमीटर चौकोनी मॉड्यूलवर हात बसवावा. बसवण्याचे तंत्र तेच आहे.

जागा म्हणून वाफेची मुख्य नळी न घेता कंडेन्सेटची, म्हणजे वाफ निवून झालेले पाणी बॉयलरकडे परत नेणारी, कमी तापलेली नळी निवडावी, कारण स्वस्त मॉड्यूलमधले सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळते. गोल नळीवर चपटे मॉड्यूल टेकत नाही. त्यासाठी एका बाजूने नळीच्या गोलाईचा व दुसऱ्या बाजूने सपाट असा ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घ्यावा. दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा आणि स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. स्क्रूंतून उष्णता थेट थंड बाजूला जाऊ नये म्हणून नायलॉनचे वॉशर घालावेत.

खरी कसोटी थंड बाजूची असते. नळी ९० अंश आणि मुंबईची हवा ३२ अंश असली, तरी ५८ अंशांच्या फरकातले मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम १५ येतात, कारण थंड बाजूवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यांचा धातूचा तुकडा, पंख्याविना ती सावकाश सोडतो. माझ्या पहिल्या जोडणीत मल्टिमीटरवर आधी ०.७ व्होल्ट आले आणि वीस मिनिटांत ते ०.२ वर घसरले. उघड्या नळीची ऊब हीटसिंकलाच लागत होती. ठोकळ्याभोवतीच्या नळीवर ग्लासवूल गुंडाळून आणि हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या दिशेने ठेवून ते सावरले.

दर अंशाला सुमारे ०.०५ व्होल्ट धरले, तर १५ अंशांना पाऊण व्होल्ट होतो. आतला रोध दोन ओहम असल्यास जुळत्या भारावर (म्हणजे जोडलेल्या उपकरणाचा रोधही तेवढाच असताना) साधारण ७० मिलिवॅट मिळतात. मिनिटाला एकदा, एक दशांश सेकंद १०० मिलिअँपिअर घेऊन ३.३ व्होल्टवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओची सरासरी गरज अर्ध्या मिलिवॅटच्या आसपास आहे, त्यामुळे निम्म्याहून अधिक वीज रूपांतरात गेली तरी चालते. सकाळी नळी तापत असताना व्होल्ट अगदी कमी असतात, म्हणून २० मिलिव्होल्टपासून चालू होणारी, व्होल्ट वाढवून देणारी एलटीसी ३१०८ चिप घ्यावी आणि संदेशाच्या क्षणाची ओढ भागवण्यासाठी पुढे वीज साठवून झटक्यात देणारा सुपरकपॅसिटर जोडावा.

पावसाळ्यापूर्वी मॉड्यूलच्या चारही कडा सिलिकॉन सीलंटने बंद कराव्यात. खारट, दमट हवा आतल्या जोडांना लवकर गंजवते.