माती, पाणी आणि कोटीपोटातील सूक्ष्मजीवसमूहांचा जनुकीय अभ्यास कसा करावा

एक ग्रॅम शेतमातीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या, तर ती संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. त्याच मातीचे द्रावण पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरले, तर वसाहती मात्र त्यातील सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी पेशींच्याच उगवतात. उरलेले जीव मेलेले नसतात, आपण दिलेले अन्न, तापमान आणि प्राणवायूचे प्रमाण त्यांना मानवत नाही, एवढेच. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया हा जीवांचा स्वतंत्र गट दाखवून दिला आणि त्यातूनच पुढे जीव न वाढवता केवळ त्याच्या जनुकावरून तो ओळखण्याची वाट मोकळी झाली. जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘मेटाजीनोम’ (एका ठिकाणच्या सर्व सूक्ष्मजीवांचा एकत्रित जनुकसंच) ही संज्ञा वापरली, तीही मातीतील सूक्ष्मजीवांच्या संदर्भातच. पदव्युत्तर प्रकल्प म्हणून किंवा कृषी आणि पशुवैद्यकीय संशोधनाचा भाग म्हणून हा अभ्यास प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. यात यंत्रापेक्षा शेतातल्या आणि प्रयोगशाळेतल्या कामाला अधिक जागा दिली आहे, कारण नमुना घेताना आणि डीएनए काढताना राहिलेली उणीव पुढचे कोणतेही यंत्र किंवा संगणकप्रणाली भरून काढू शकत नाही.

आधी प्रश्न, मग पद्धत

‘या मातीत काय काय आहे’ हा प्रश्न अभ्यासासाठी फार ढोबळ आहे. ‘सोयाबीननंतर हरभरा घेतलेल्या आणि जमीन पडीक ठेवलेल्या वाफ्यांतील जिवाणूसमूह वेगळे असतात का’ हा प्रश्न तपासता येतो. समूहांची तुलना करायची असेल, तर १६ एस आरआरएनए या, रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकाचा एक भाग वाढवून त्याचा क्रम वाचणे पुरेसे आणि स्वस्त असते. हे जनुक सुमारे १,५०० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) असते. त्यात सर्व जिवाणूंमध्ये जवळपास सारखे राहिलेले भाग आणि त्यांच्यामध्ये व्ही१ ते व्ही९ असे नऊ बदलते भाग असतात. प्रायमर, म्हणजे वाचायचा भाग वाढवण्यासाठी वापरलेला डीएनएचा छोटा तुकडा, या सारख्या राहिलेल्या भागांवर बसतो आणि ओळख बदलत्या भागावरून पटते. बुरशीसाठी हे जनुक उपयोगाचे नाही, तेथे रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस हा भाग वाचावा लागतो. समूह काय करू शकतो, म्हणजे त्यात नत्र स्थिरीकरणाची, मिथेन तयार करण्याची किंवा प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके आहेत का, हे विचारायचे असेल, तर मात्र सर्वच डीएनएचे तुकडे वाचणारी शॉटगन पद्धत लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

प्रायमरची निवडही प्रश्नावरच ठरते. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रेमी आर्किया आणि त्यांचे रंगद्रव्य हे त्यामागचे कारण असल्याचे सांगण्यात आले. असे पाणी केवळ जिवाणूंसाठी बेतलेल्या प्रायमरने तपासले, तर ज्या जीवाचा शोध घ्यायचा तोच यादीत येणार नाही. व्ही४ भागासाठीचे ५१५एफ आणि ८०६आर हे प्रायमर जिवाणू आणि आर्किया दोहोंना बऱ्यापैकी पकडतात, म्हणून नवख्या अभ्यासकाने त्यांपासूनच सुरुवात करावी.

परवानग्यांचा विचारही याच टप्प्यावर करावा. अभयारण्यातील नमुन्यासाठी वनविभागाची आणि जनावराला हात लावायचा असल्यास संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता लागते. नमुना परदेशी संस्थेकडे पाठवायचा असेल, तर जैवविविधता अधिनियम २००२ मधील तरतुदी आधी पाहाव्यात.

नमुना

माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची रीत बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असते: बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा आणि पाणी साचणारा भाग टाळायचा, नागमोडी वळणे घेत ठिकठिकाणची माती गोळा करायची, ती एकत्र मिसळून चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन भाग काढून टाकायचे. जनुकीय अभ्यासातही ही रीत चालते, मात्र दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे माती सावलीत वाळवायची नाही. वाळताना काही जीव मरतात, काही तग धरतात आणि समूहाचे चित्र पालटते. माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून ओलसर असतानाच चाळावी, लहान नळ्यांत भरावी, शेतापासून बर्फात न्यावी आणि शक्य तितक्या लवकर उणे ८० अंशांवर ठेवावी. दुसरी म्हणजे गिरमिट किंवा खुरपे प्रत्येक वाफ्यानंतर आधी पाण्याने आणि मग अल्कोहोलने स्वच्छ करावे, हातमोजे बदलावेत. खोलीही ठरवून घ्यावी. ० ते १५ सेंटिमीटर ठरवले असेल, तर एका वाफ्यात १० आणि दुसऱ्यात २० असे होता कामा नये, कारण खोलीबरोबर सेंद्रिय कर्ब, प्राणवायू आणि त्यांच्यासोबत जीवही बदलतात.

एकाच वाफ्यातील पाच खड्ड्यांची माती म्हणजे पाच स्वतंत्र पुनरावृत्ती नव्हेत. उपचार ज्या एककाला दिला, ते एकक म्हणजे पुनरावृत्ती. वाफे तीनच असतील, तर खड्डे कितीही खणले तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने आपल्याकडे तीनच पुनरावृत्ती आहेत. परीक्षकांचे सर्वाधिक आक्षेप येथेच येतात आणि ते रास्त असतात. प्रत्येक नमुन्यासोबत सामू (पीएच), ओलावा, सेंद्रिय कर्ब, पीक, शेवटचे खत आणि पाऊस यांची नोंद हवीच. मातीतील जिवाणूसमूहाची रचना ठरवण्यात सामूचा वाटा फार मोठा असतो आणि तो मोजलेला नसेल, तर दिसलेला फरक खतामुळे की सामूमुळे हे सांगता येत नाही.

पाण्याचे काम त्यामानाने सरळ आहे. पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून गाळावे आणि ते पटलच गोठवावे. विहिरीचे किंवा धरणाचे स्वच्छ पाणी एक-दोन लिटर सहज गाळले जाते, पावसाळ्यातील गढूळ पाण्याने मात्र पटल काही मिलिलिटरांतच तुंबते. अशा वेळी आधी अधिक मोठ्या छिद्रांच्या पटलातून गाळावे, परंतु गाळाला चिकटलेले जीव त्या पहिल्या पटलावर राहतात याची जाणीव ठेवून दोन्ही पटले जपावीत. किती पाणी गाळले, हे दर वेळी लिहून ठेवावे.

गायी-म्हशींच्या पचनसंस्थेचा अभ्यास करताना शेणाचा नमुना सोपा म्हणून घेतला जातो. शेणातील समूह हा कोटीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, समूह नव्हे. चाऱ्याचे विघटन आणि मिथेनची निर्मिती प्रामुख्याने कोटीपोटात होते, म्हणून प्रश्न चारा किंवा मिथेनचा असेल, तर तोंडावाटे नळी घालून किंवा कायमस्वरूपी छिद्र केलेल्या जनावरातून तेथीलच द्रव घ्यावा लागतो, आणि हे काम पशुवैद्यकानेच करायचे असते. नळीतून आलेला सुरुवातीचा भाग लाळेमुळे पातळ झालेला असतो, तो टाकून द्यावा. चाऱ्याच्या तंतूंना घट्ट चिकटलेले जिवाणू द्रवात थोडेच उतरतात, त्यामुळे द्रव आणि तंतू दोन्ही घ्यावेत. वैरण दिल्यानंतर किती तासांनी नमुना घेतला, ही वेळ सर्व जनावरांसाठी सारखी असावी.

डीएनए काढणे

काही जिवाणूंच्या पेशीभित्तिका जाड असतात आणि त्या केवळ रसायनाने फुटत नाहीत. म्हणून बारीक मण्यांसोबत नमुना जोरात हलवून पेशी फोडण्याचा टप्पा गाळू नये. तो गाळला, तर अहवालात सहज फुटणाऱ्या जिवाणूंचाच भरणा दिसतो आणि तो निसर्गातील फरक म्हणून वाचला जातो. मण्यांचा आकार, हलवण्याचा वेग आणि वेळ संपूर्ण अभ्यासभर एकच ठेवावा. मातीच्या बहुतेक तयार संचांत पाव ग्रॅम माती घेतात. एवढीशी माती शेताचे प्रतिनिधित्व करील का, ही शंका योग्य आहे. त्यामुळे एकाच मिसळलेल्या नमुन्यातून दोन-तीन वेळा डीएनए काढून तो एकत्र करावा.

दख्खनच्या काळ्या भारी जमिनीची येथे वेगळी अडचण आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए धरून ठेवते. विद्रावकात फॉस्फेटचे प्रमाण वाढवल्यास तो काही अंशी सुटतो, कारण फॉस्फेट मातीच्या कणांवरील त्याच जागा घेते. दुसरी अडचण ह्युमिक आम्लांची असून ती सेंद्रिय पदार्थ असलेल्या कोणत्याही मातीत येते. ती डीएनएबरोबरच बाहेर पडतात आणि पीसीआरमधील, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेतील, विकराला काम करू देत नाहीत. नळीतील द्रावण कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसले, तर ते शुद्ध नाही हे यंत्राविनाही कळते. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर सुमारे १.८ हवे, २६० आणि २३० चे गुणोत्तर फार कमी आले, तर ह्युमिक आम्ले किंवा संचातील क्षार उरले आहेत असे समजावे. डीएनएचे प्रमाण मात्र या यंत्रावर विसंबून ठरवू नये, कारण ह्युमिक आम्लेही २६० ला प्रकाश शोषतात आणि आकडा फुगतो. डीएनएला चिकटणाऱ्या चकाकत्या रंगावर आधारित क्यूबिटसारखे यंत्र वापरावे. अवरोध तपासण्याची साधी रीत अशी की, तेच द्रावण मूळ आणि दहापट पातळ अशा दोन्ही रूपांत पीसीआरला लावावे. पातळ केलेल्यात जेलवर पट्टा दिसला आणि मूळ द्रावणात दिसला नाही, तर डीएनए आहे पण वाढ रोखली जात आहे. अशा वेळी पीसीआरमध्ये बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालणे किंवा पुन्हा शुद्धीकरण करणे, हे दोन्ही उपाय चालतात.

रिकामी नळी

डीएनए काढण्याच्या प्रत्येक खेपेत एक नळी नमुन्याविना सर्व टप्प्यांतून न्यावी आणि तिचाही क्रम वाचून घ्यावा. संचातील रसायनांतच जिवाणूंचा डीएनए अंशरूपाने असतो. कमी जिवाणू असलेल्या नमुन्यांत तो खऱ्या निष्कर्षावर मात करू शकतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सप्रमाण दाखवले. अशा दूषित डीएनएत वारंवार आढळणाऱ्या वंशांत ब्रॅडीरायझोबियम आहे, आणि हाच वंश सोयाबीनच्या मुळांवर गाठी करतो. सोयाबीनच्या मातीत तो मुबलक असणे स्वाभाविक आहे, परंतु खोल कूपनलिकेच्या पाण्यात तो सापडला तर रिकाम्या नळीशिवाय त्याचा उगम सांगता येणार नाही. याच्या जोडीला ज्याची रचना आधीच ठाऊक आहे असे तयार जिवाणूमिश्रण प्रत्येक खेपेत चालवावे. त्यातील कोणता जिवाणू अपेक्षेपेक्षा कमी आला, यावरून आपली पद्धत कोठे झुकते ते दिसते. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी या दोन नळ्यांवर काट मारली जाते. त्याऐवजी दोन नमुने कमी करावेत, असे माझे ठाम मत आहे.

पीसीआरची आवर्तने २५ ते ३० च्या आत ठेवावीत, कारण ती वाढली की दोन जिवाणूंचे तुकडे जोडून बनलेले खोटे क्रम वाढतात. क्रमवाचनासाठी व्ही३–व्ही४ हा सुमारे ४६० बेसचा भाग निवडला आणि दोन्ही टोकांकडून २५०-२५० बेस वाचले, तर मध्ये जेमतेम ४० बेस एकमेकांवर येतात. शेवटचे हलक्या प्रतीचे बेस छाटल्यावर ते जुळतही नाहीत. आकडेमोड आधी केली, तर हा खर्च वाया जात नाही.

विदा (डेटा) आणि तिचा अर्थ

क्रमांच्या विश्लेषणाची क्यूआयआयएमई २ ही संगणकप्रणाली मोफत असून नवख्यांसाठी पुरेशी आहे. प्रायमर काढून टाकावेत, तिच्यातील डाडा२ या साधनाने यंत्राच्या चुका वगळून अचूक क्रम मिळवावेत आणि यंत्राच्या प्रत्येक फेरीसाठी ही प्रक्रिया स्वतंत्रपणे करावी, कारण प्रत्येक फेरीच्या चुका वेगळ्या असतात. सिल्व्हा या आरआरएनए क्रमांच्या संग्रहाशी ताडून नावे लावल्यावर हरितलवक आणि तंतुकणिकांचे क्रम वगळावेत, कारण पेशींतील या अंगकांतही असे जनुक असते. चाऱ्याने भरलेल्या कोटीपोटाच्या नमुन्यात हरितलवकांचे क्रम येतातच. एवढ्या छोट्या भागावरून जात ठामपणे सांगता येत नाही, बहुतेक वेळा वंशापर्यंतच थांबावे.

येथून पुढे सर्वाधिक सावधगिरी टक्केवारीच्या बाबतीत हवी. समजा, एका मातीत एकूण १०० कोटी पेशी असून त्यांतील एका गटाच्या १० कोटी आहेत, आणि दुसऱ्या मातीत एकूण ४० कोटींपैकी त्याच गटाच्या ८ कोटी आहेत. क्रमवाचनात पहिल्या मातीत हा गट १० टक्के आणि दुसऱ्या मातीत २० टक्के दिसेल. गट दुप्पट झाला असे लिहिले जाईल, प्रत्यक्षात तो घटलेला असेल. म्हणून ‘वाढला’ असे म्हणायचे असेल, तर क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) एकूण १६ एस जनुकांची संख्या स्वतंत्रपणे मोजावी. तरीही जनुकांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे. बॅसिलस सब्टिलिसच्या एका पेशीत या जनुकाच्या १० प्रती असतात, तर क्षयाच्या जिवाणूत एकच. शिवाय मातीत मेलेल्या पेशींचा डीएनएही टिकून राहतो. २०१६ मधील एका अभ्यासात तपासलेल्या मातींत असा अवशेषरूप डीएनए सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास आढळला. खत घातल्यावर दोन दिवसांत होणारा बदल शोधायचा असेल, तर ही बाब निर्णायक ठरते.

नमुन्यांतील समूह एकमेकांपासून किती वेगळे, हे अंतर ब्रे-कर्टिस किंवा युनिफ्रॅक या मापाने काढावे आणि गटांमधील फरक परमानोव्हा या संख्याशास्त्रीय चाचणीने तपासावा, परंतु त्यासोबत गटांतर्गत विखुरणीची चाचणीही द्यावी. एका गटातील नमुने केवळ अधिक विखुरलेले असले, तरी परमानोव्हा फरक दाखवू शकतो.

शॉटगन पद्धतीने मिळालेले तुकडे जोडून न वाढवलेल्या जीवांचे जीनोम (संपूर्ण जनुकसंच) बांधता येतात. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या गायींच्या कोटीपोटातून असे ९१३ जीनोम प्रसिद्ध झाले. मातीत विविधता इतकी असते की तेवढ्याच वाचनातून त्या मानाने फारच थोडे जुळते. बांधलेला जीनोम ९० टक्क्यांहून अधिक पूर्ण आणि ५ टक्क्यांहून कमी दूषित असेल, शिवाय त्यात आरआरएनएची तिन्ही जनुके आणि किमान १८ टीआरएनए असतील, तरच त्याला उच्च दर्जाचा म्हणावे, हा २०१७ पासूनचा मान्य निकष आहे.

काम पूर्ण झाल्यावर कच्चे क्रम, रिकाम्या नळ्यांच्या क्रमांसह, अमेरिकेतील एनसीबीआय या केंद्राच्या संग्रहात किंवा फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात जमा करावेत आणि अक्षांश-रेखांश, खोली, दिनांक, सामू, प्रायमर व डीएनए काढण्याची पद्धत या नोंदी त्यांना जोडाव्यात. उरलेली माती, पटले आणि डीएनए शोधनिबंध छापून येईपर्यंत उणे ८० अंशांवरून हलवू नयेत. परीक्षकाने एखादी मोजणी पुन्हा मागितली, तर तीच माती लागते.