फिलिपिन्सच्या इतिहासातल्या तारखा डोक्यात कशा बसवायच्या

सुरुवात १२ जूनपासून करा, १८९८ साली काविते प्रांतातल्या कावित गावी क्रांतिकारक नेता आगिनाल्दोने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं तो दिवस. पण इथंच सगळे गंडतात, कारण स्पेननंतर तिथे राज्य करणाऱ्या अमेरिकेने सत्ता सोडली ती ४ जुलै १९४६ ला आणि बरीच वर्षं तोच स्वातंत्र्यदिन होता, मग १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो १२ जूनला नेला (अमेरिकेच्याच वाढदिवशी आपलं स्वातंत्र्य, कसंतरीच वाटतं ना!). म्हणून दोन्ही तारखा जोडीनेच पाठ करा.

३० डिसेंबर १८९६ ला राष्ट्रनायक मानला जाणारा लेखक रिझाल याला स्पॅनिश सत्तेने मनिलात गोळ्या घातल्या. स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता बोनिफासियो याचा ३० नोव्हेंबर मात्र जन्मदिवस आहे, मृत्यूचा नाही, तिथे घोळ नको. २५ फेब्रुवारी १९८६ म्हणजे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस सत्ता सोडून पळाले तो दिवस, हा तर आपोआप लक्षात राहतो.