स्वायत्त प्रदेशाचा मसुदा: लिहायला बसण्याआधी

यंदा मसुदालेखन स्पर्धेला जाणाऱ्या ज्युनिअर मंडळींसाठी. विषय तोच आहे: देश एक, पण एका प्रदेशाला स्वायत्तता आणि तिथली कायद्याची पद्धत वेगळी. उद्देशिका, झेंडा, राजभाषा यांवर रात्र घालवू नका.

अधिकार वाटताना ‘स्थानिक बाबी’ असलं मोघम काही नको. भारतीय संविधानातलं कलम ३७१अ उघडा. नागा रूढींचा कायदा, त्यानुसार होणारा न्याय, जमिनीची मालकी आणि हस्तांतर हे विषय नाव घेऊन दिलेत. नागालँड विधानसभेने ठराव केल्याशिवाय त्यांवरचा संसदेचा कायदा तिथे लागू होत नाही. इतकं नेमकं हवं.

जुने कायदे चालू राहतील, याला एक वाक्य पुरतं. गोव्यात १९६२च्या कायद्याने तेच केलं आणि पोर्तुगीज नागरी संहिता टिकली. पण तिच्यावरचे खटले लिस्बनला जात नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे येतात. आमचा मसुदा गेल्या खेपेला इथेच आपटला. अंतिम अर्थ कोण लावणार, हे कलमच नव्हतं.

तेव्हा अर्थ कोण लावणार ते लिहा. ‘अंतिम न्यायालय प्रदेशातच असेल’ एवढ्याने भागत नाही. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात कलम ८२ अंतिम निवाडा तिथल्या न्यायालयाला देतं आणि कलम १५८ अर्थ लावण्याचा अधिकार बीजिंगच्या, म्हणजे चीनच्या संसदेच्या, स्थायी समितीला. जानेवारी १९९९मध्ये, मुख्य भूमीत जन्मलेल्या मुलांच्या निवासहक्कावर न्यायालयाने एक अर्थ लावला. जूनमध्ये समितीने दुसरा. कलमात विचारणा न्यायालयाने करायची असं आहे, प्रत्यक्षात प्रकरण गेलं हाँगकाँग सरकारच्या कार्यकारी प्रमुखाच्या अहवालावरून! म्हणून अर्थ कोण लावणार, कोणाच्या विचारणेवरून, आणि आधी लागलेल्या निकालांचं काय, हे तिन्ही हवं. एकही गाळलंत तर परीक्षक तिथेच बोट ठेवणार.

दुरुस्तीला ज्या संस्थेची संमती लागते तीच उरली नाही तर? ३७० संपवायला जम्मू-काश्मीरच्या संविधान सभेची शिफारस हवी होती. सभा १९५७ला विसर्जित झाली, पुढे काय याबद्दल मजकूर गप्प. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला.

कर, आणीबाणी, मुदत (हाँगकाँगला ५० वर्षं): प्रत्येकी एक कलम, बास. संक्रमणाचं परिशिष्टात टाका. क्रमांक जुळवा. अर्थ लावण्याचं कलम आहे ना? परत बघा. फोर्टातल्या झेरॉक्सवाल्यांकडे सकाळी रांग असते, प्रती आदल्या दिवशीच काढा.