गॅरेजच्या २४० व्होल्ट सॉकेटवर वेल्डर लावताय? या चुका टाळा

इथे अमेरिकेत बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये २४० व्होल्टचं एक सॉकेट आधीपासून असतं, ड्रायरचं नाहीतर ईव्ही चार्जरचं, आणि वेल्डिंग मशीन घरी आलं की पहिला विचार हाच येतो की वेगळी लाईन कशाला ओढायची, इथेच लावू. लावता येतं, मी पण तेच केलंय. पण सॉकेट बघून काही कळत नाही, भिंतीच्या आत कुठली वायर आहे आणि पॅनेलमध्ये कितीचा ब्रेकर आहे ते आधी बघायचं.

आपल्याकडून आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी गल्लत रंगांची होते. भारतातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे काळी वायर जिवंत असते! काळी आणि लाल दोन्ही हॉट, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची ग्राउंड. २४० मिळतात ते दोन हॉटच्या मध्ये, हॉट ते न्यूट्रल फक्त १२०. माझ्या एका मित्राच्या मशीनच्या केबलमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा वायरी होत्या, त्याने निळी म्हणजे न्यूट्रल असं धरलं आणि १४-५० (चार पिनांच्या, ५० अँपिअरच्या) प्लगच्या न्यूट्रल पिनला जोडून टाकली. मशीन दोन्ही व्होल्टेजवर चालणारं, त्यामुळे चालू झालं, पण रॉड सारखा चिकटायचा. दोन दिवस तो रॉड बदलत बसला, शेवटी मीटर लावला तर १२०. तपकिरी आणि निळी दोन्ही हॉटला, हिरवी-पिवळी ग्राउंडला, न्यूट्रलची पिन रिकामी, एवढंच करायचं होतं. वेल्डरचा नेहमीचा ६-५० प्लग तीन पिनांचाच असतो, त्याला न्यूट्रल लागतच नाही. १४-५० वरून ६-५० चा अडॅप्टर तयार मिळतो.

घर जुनं असेल तर ड्रायरचं तीन भोकांचं १०-३० सॉकेट सापडेल. ते वापरू नका. त्यात दोन हॉट आणि न्यूट्रल आहे, ग्राउंड नाहीच, १९९६ च्या कोडपासून (इथली वायरिंगची नियमावली) नवीन वायरिंगला चार वायरी आल्या. न्यूट्रललाच ग्राउंड मानून बॉडी जोडली, पुढे ते कनेक्शन सैल झालं आणि मशीनच्या आत शॉर्ट झालं तर ब्रेकर पडणार नाही, करंट पत्र्यात तसाच राहील आणि तुमचा हात त्या पत्र्यावर असेल.

ब्रेकर सारखा पडतो म्हणून ३० अँपिअरचा काढून ५० चा टाकणारे लोक मी बघितलेत. ३० च्या मागे १० गेजची वायर असते, ५० ला तांब्याची ६ गेज लागते (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), म्हणजे ब्रेकर मोठा केला की आता वायर जळेल. त्यापेक्षा मशीनचा करंट कमी करा. ३/३२ इंचाचा ७०१८ प्रकारचा रॉड ९० अँपिअरवर चालवताना आर्कवर साधारण २४ व्होल्ट असतात, २१०० वॅटच्या आसपास, त्यासाठी इन्व्हर्टर प्रकारचं (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग मशीन २४० वर १५-एक अँपिअर घेतं. गेटची दुरुस्ती, टेबलाचा सांगाडा वगैरे ३० च्या लाईनवर आरामात होतं.

याच्या उलटी चूक मला जास्त भीतीदायक वाटते. खास वेल्डरसाठी ओढलेल्या लाईनला कोडच्या ६३० कलमात सूट आहे, कारण २० टक्के ड्युटी सायकलचं मशीन १० मिनिटांत २ मिनिटंच पूर्ण लोड घेतं, बाकी वेळ वायर थंड होते. म्हणून ५० खेचणाऱ्या मशीनचा इफेक्टिव्ह करंट २२ च्या आसपास धरतात आणि ५० च्या ब्रेकरवर १० गेज वायर चक्क नियमात बसते. आता घर विकलं गेलं, नवीन मालकाने ५० चा ब्रेकर बघून तिथे ईव्ही चार्जर लावला, तो रात्रभर ४० अँपिअर खेचत राहिला, भिंतीच्या आत १० गेजची वायर तापतेय आणि वरती मुलं झोपलीत. अशी लाईन असेल तर सॉकेटवर आणि पॅनेलमध्ये 'फक्त वेल्डरसाठी' असं लेबल आजच लावा.

जीएफसीआय (करंट गळतोय असं दिसताच वीज तोडणारं संरक्षण) पडत असेल तर तो काढून टाकायची घाई नको. २०२० च्या कोडपासून गॅरेजमधल्या २४० च्या सॉकेटलाही तो लागतो, तुमच्याकडे कुठला कोड लागू आहे ते गावच्या परमिट ऑफिसात कळेल. मशीन ऑफ ठेवून प्लग लावला तरी पडतो का, ऑन केल्यावर पडतो, की आर्क मारतानाच पडतो, हे आधी वेगवेगळं करून बघा. टिग (टंगस्टनच्या सुईने वेल्डिंग करणारं मशीन) असेल तर हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट बंद करून लिफ्ट स्टार्टवर, म्हणजे सुई टेकवून उचलत आर्क चालू करून, ट्राय करा, बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

एक्स्टेन्शन ८ गेजचं घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. २० मिनिटं काम झालं की मशीन बंद करून प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा काढल्यावर एखादी पिन काळपट-निळी दिसली तर आतलं कनेक्शन सैल असणार, ब्रेकर पाडा आणि ते सॉकेट बदलेपर्यंत त्यावर काही लावू नका.