काळावर कट्ट्यावर नीट वाद कसा घालायचा

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर बसून 'टाइम असतो का नसतो' हा विषय निघाला की थोड्या वेळात कोणीच कोणाचं ऐकत नाही, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. कुठला काळ खरंच अस्तित्वात आहे, हा एक. आणि 'आत्ता' खरंच पुढं सरकतो का, हा दुसरा. आज कशावर बोलायचं ते आधी ठरवा. काळाची दिशा, एन्ट्रॉपी (म्हणजे अव्यवस्थेचं माप) वगैरे नंतर कधीतरी घ्या, त्याला वेगळी बैठक लागते.

मग सगळ्यांना माहीत असलेलं एकच उदाहरण धरा. मी किरणोत्सव सुचवेन. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांवर येतात, मग पुढच्या दिवशी आणखी वर, आणि ढग आडवा आला नाही तर चेहऱ्यापर्यंत. आता प्रत्येकाला विचारा, पुढच्या नोव्हेंबरचा किरणोत्सव 'आहे' का? प्रेझेंटिझमवाला म्हणेल फक्त आत्ताचं आहे. इटर्नलिझमवाला म्हणेल मागचा, पुढचा सगळेच आहेत, फक्त आपल्यापासून लांब. आणि ग्रोइंग ब्लॉकवाला म्हणेल झालेला आहे, व्हायचा अजून नाही (हे मत तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉडनं १९२३ मध्ये मांडलं).

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, सूर्याचा प्रकाश यायला ८ मिनिटं लागतात म्हणजे आपण भूतकाळच बघतो, संपला प्रेझेंटिझम. हे मान्य करू नका. उशिरा दिसणं वेगळं आणि अस्तित्वात नसणं वेगळं, सूर्य आत्ताही आहेच की.

खरी अडचण आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतातून येते: लांबच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, याचं उत्तर बघणाऱ्याच्या वेगावर ठरतं. रंकाळ्यावर दोघं समोरासमोर चालत एकमेकांना ओलांडतात, त्या क्षणी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांबच्या अँड्रोमेडा दीर्घिकेत 'आत्ता' काय चाललंय याची दोघांची उत्तरं काही दिवसांच्या फरकानं वेगळी येतात. मग 'फक्त आत्ताचं आहे' म्हणजे कोणाचं आत्ता? प्रेझेंटिझमवाल्याला इथं थांबवा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या, माझ्या मते त्याच्यापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे.

सरकण्याचा प्रश्न घेतला असेल तर काळ खरा नाही म्हणणाऱ्या तत्त्वज्ञ मॅकटॅगर्टचा १९०८ चा युक्तिवाद लागतोच. तो म्हणतो, प्रत्येक घटना भविष्य, वर्तमान आणि भूत तिन्ही ठरते, पण या गोष्टी तर एकमेकींच्या विरोधात आहेत. 'अरे पण वेगवेगळ्या वेळी ना' असं उत्तर आलं की लगेच विचारा, त्या वेळा तरी भूत की भविष्य? काळ समजवायला पुन्हा काळच लागला. बरेच जण ही पायरी घाईत ओलांडतात, तसं करू नका, कागदावर लिहून बघा.

आणि हे सगळं परदेशातलं समजू नका. वैशेषिक दर्शनवाल्यांनी काळाला नऊ द्रव्यांत, म्हणजे मूळ पदार्थांत धरलं, सर्वास्तिवादी बौद्ध तिन्ही काळ आहेत म्हणाले, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं काळ तपासायला एक अख्खं प्रकरण दिलं. दिगंबर जैन परंपरेत तर काळ हे स्वतंत्र द्रव्य, आणि लोकाकाशाच्या (विश्व जिथं आहे त्या आकाशाच्या) प्रत्येक प्रदेशावर, म्हणजे सगळ्यात लहान जागेवर, एकेक कालाणू (काळाचा कण). आपल्या जिल्ह्यात हा विषय शास्त्रातून शिकलेले लोक आहेत, त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलवा आणि अँड्रोमेडाचा प्रश्न त्यांच्यापुढंही ठेवा.