सिलेक्ट जमले, आता पुढे: एसक्यूएलकडून डेटा विश्लेषणाच्या नोकरीकडे

सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि दोन टेबलांचा साधा जॉइन एवढे हाताला बसले की पुढे काय, हा प्रश्न एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा, शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पडतो. बहुतेक जण त्याचे उत्तर आणखी एका अभ्यासक्रमात किंवा आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये शोधू लागतात. माझ्या मते या टप्प्यावर नव्या साधनापेक्षा जुन्याच साधनाने खऱ्या, विस्कळीत डेटावर काम करणे अधिक उपयोगाचे आहे. क्वेरी, म्हणजे या भाषेत लिहिलेली मागणी, त्रुटीचा संदेश न देता चालणे आणि तिने दिलेला आकडा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विश्लेषकाला पगार मिळतो तो दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी घेण्यासाठी.

सुरुवात स्वतःच्या संगणकावर पोस्टग्रेसएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवून करावी. ते विनामूल्य आहे आणि नोकरीतही भेटते. सरावासाठी अभ्यासक्रमातली तयार टेबले बाजूला ठेवून, ज्या विषयाची तुम्हाला थोडीफार जाण आहे असा सार्वजनिक डेटा घ्यावा. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचे बाजार समित्यांचे दर हे उत्तम उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे दोन-तीन वर्षांचे आकडे उतरवून घ्या आणि टेबल स्वतः तयार करून त्यात भरा. तारीख मजकूर म्हणून आली आहे का, दराच्या स्तंभात स्वल्पविराम शिरले आहेत का, एकाच बाजाराचे नाव दोन प्रकारे लिहिले आहे का, हे सारे भरतानाच समोर येते.

डेटा भरून झाल्यावर पहिली क्वेरी लिहिण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमके काय? येथे एक ओळ म्हणजे एका बाजारातला, एका दिवसाचा, एका वाणाचा दर. लाल आणि उन्हाळी कांदा एकाच दिवशी आला, तर लासलगावच्या त्या दिवसाच्या दोन ओळी असू शकतात. म्हणजे ओळी मोजून बाजार किती दिवस भरला हे सांगता येणार नाही, त्यासाठी वेगवेगळ्या तारखा मोजाव्या लागतील. तुमचे वाक्य बरोबर आहे की नाही हे क्वेरीनेच तपासता येते. बाजार, तारीख आणि वाण यांवर ग्रुप बाय करून, हॅविंगमध्ये, म्हणजे गटांवरच्या अटीत, एकापेक्षा अधिक ओळी असलेले गट मागवा. उत्तर रिकामे आले तर वाक्य खरे. काही गट सापडले, तर दुबार नोंदी कुठून आल्या याचा शोध हेच पहिले काम. ही सवय ज्याला लागली त्याच्या पुढच्या निम्म्या चुका होण्यापूर्वीच टळतात, असे मला मनापासून वाटते.

यानंतर सरासरीकडे वळा. समजा, एका बाजारात 1,000 क्विंटल कांदा 1,500 रुपये सर्वसाधारण दराने विकला गेला आणि दुसऱ्या बाजारात 100 क्विंटल 2,000 रुपयांनी. दोन दरांची सरळ सरासरी 1,750 रुपये येते, पण आवकेचा भार धरला तर ती सुमारे 1,545 रुपये भरते. दोन्ही आकडे क्वेरीतून निर्दोष बाहेर पडतात, मात्र शेतकऱ्याला क्विंटलमागे सरासरी काय मिळाले या प्रश्नाचे उत्तर दुसरा आकडा देतो. एककांकडेही लक्ष हवे: आवक टनात आणि दर क्विंटलमागे असेल, तर भारित सरासरीला फरक पडत नाही, पण एकूण उलाढाल काढताना दहाने गुणायचे राहिले की सगळा अहवाल दहापट चुकतो.

जॉइन खऱ्या अर्थाने शिकायचा असेल, तर दरांच्या टेबलाला 2011च्या जनगणनेचे जिल्हानिहाय टेबल जोडून पाहा. त्यासाठी मात्र कांद्याच्या पलीकडे जाऊन साऱ्या महाराष्ट्राचे दर घ्या. जनगणनेत राज्याचे 35 जिल्हे आहेत, आज 36 आहेत, कारण पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. जनगणनेतल्या ठाण्याच्या 1,10,60,148 लोकसंख्येत आजचा पालघरही सामावलेला आहे. शिवाय औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, आणि 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. साधा इनर जॉइन केला, तर ज्या ओळींची नावे जुळत नाहीत त्या कसलीही सूचना न देता गळून पडतात. म्हणून आधी डाव्या टेबलाच्या साऱ्या ओळी राखणारा लेफ्ट जॉइन करावा, उजव्या बाजूला नल, म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, आलेल्या ओळी वाचून पाहाव्यात आणि जुन्या-नव्या नावांचे एक छोटे जोडटेबल तयार करावे. नल शोधण्याची अट सोडून उजव्या टेबलावरची दुसरी अट व्हेअरमध्ये टाकली की लेफ्ट जॉइन पुन्हा इनर जॉइनसारखाच वागतो. ती अट जॉइनच्या ऑन या भागात ठेवावी लागते. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या मोजणे हा नियमच करून टाका, कारण संख्या अनपेक्षितपणे वाढली असेल, तर त्यावर काढलेली प्रत्येक बेरीज फुगलेली असते.

नलविषयी थोडक्यात एवढेच लक्षात ठेवा, की सरासरीचे फंक्शन नल ओळी वगळते, आणि यादीत नसलेल्या ओळी मागणाऱ्या नॉट इनच्या आतल्या यादीत एक जरी नल असला तरी उत्तर रिकामे येते. तेथे जुळणारी ओळ नाही ना, हे तपासणारे नॉट एक्झिस्ट्स वापरावे.

पुढचा टप्पा विथने सुरू होणाऱ्या पायरीपायरीच्या क्वेरींचा आणि ओळी तशाच ठेवून इतर ओळींच्या आधारे हिशेब करणाऱ्या विंडो फंक्शनांचा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही दोन्ही 2018 च्या 8.0 आवृत्तीपासून आली, त्यामुळे त्याआधीच्या शिकवणीत ती सापडत नाहीत, पण विश्लेषकाच्या रोजच्या कामात त्यांच्याशिवाय चालत नाही. लॅग हे विंडो फंक्शन वापरून कालच्या दराशी आजचा दर ताडून पाहा, आणि लगेच स्वतःला विचारा, की हा दर खरोखर कालचाच आहे का? लॅग मागची ओळ आणते, मागचा दिवस नव्हे. सुट्टीनंतरच्या सोमवारी शनिवारचा दर येतो, आणि दोन वाण असतील तर ओळींचे गट पाडणाऱ्या पार्टिशन बायमध्ये वाण न घेतल्यास लाल कांद्याची तुलना उन्हाळीशी होते. उपाय म्हणजे तारखांचे स्वतंत्र टेबल करून त्याला दर जोडणे.

एवढे करूनही टेबल सगळे सांगत नाही. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती 4 मे 2024 रोजी उठवली, ही माहिती दरांच्या टेबलात कुठेही नाही. ती ठाऊक नसलेला माणूस त्या काळातल्या दरांचे सारे श्रेय किंवा दोष आवकेला देऊन मोकळा होईल. म्हणून कामाचा शेवट एक पानी टिपणाने करा: प्रश्न कोणता होता, उत्तर काय आले, कोणत्या ओळी का वगळल्या, आणि कोणत्या निष्कर्षाला हा डेटा आधार देत नाही.

इतर साधनांचा क्रम मी असा सुचवेन: एक्सेलमधले पिव्हट टेबल, मग आलेख आणि डॅशबोर्डसाठी पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांपैकी एकच, आणि त्यानंतर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा. संख्याशास्त्रात मध्यक, विचलन आणि नमुन्याचा आकार यांची समज आधी पक्की करावी.

नोकरीचा विचार करताना केवळ डेटा ॲनालिस्ट हे पदनाम शोधू नका; एमआयएस (व्यवस्थापनासाठीची माहिती व अहवाल) एक्झिक्युटिव्ह किंवा रिपोर्टिंग या नावाच्या जागांमध्ये सुरुवातीला हेच काम असते. आज तुम्ही लेखा, खरेदी किंवा स्टोअर विभागात असाल, तर दर महिन्याला हाताने तयार होणारा एखादा अहवाल परवानगी घेऊन क्वेरीवर आणा; त्या व्यवसायाची तुम्हाला असलेली माहिती बाहेरच्या उमेदवाराकडे नसते. मात्र कंपनीचा डेटा स्वतःच्या प्रकल्पासाठी घरी नेऊ नये. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवायचा तो सार्वजनिक डेटावरचा प्रकल्प, तोही एकच, पण टिपणासह.

मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा, दुबार ओळी काढून टाका असे ठरावीक प्रश्न येतात, त्यांचा सराव जरूर करावा. प्रश्न ऐकताच लिहायला न लागता आधी विचारा: दोघांचा पगार सर्वोच्च असेल तर दुसरा कोणता धरायचा, आणि दुबार म्हणजे कोणते स्तंभ सारखे असलेले? टक्केवारी काढायला सांगितली, तर पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास अपूर्णांक गळतो हे बोलून दाखवा आणि क्वेरीत तशी दुरुस्ती करा.