घरातला मुलगा मेथ घेतोय का, हे कसं ओळखावं?

रात्रपाळी, परीक्षा, मोबाईल. पोराला झोप का नाही, याला सोलापुरातल्या घरात कारणांचा तोटा नसतो. त्यामुळे नुसत्या जागरणावरून संशय घेऊ नका. मेथॅम्फेटामिन, म्हणजे मेथ किंवा आईस, काचेच्या खड्यांसारखं किंवा पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळतं. आपल्याकडे ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कारखाना पकडला तो त्याचा. रसायनं वेगळी, पण घरच्यांना दिसणारी लक्षणं बरीचशी सारखी.

आधी आठवडाभर झोप आणि ताट पाहा. मेथची नशा आठ-बारा तास, कधी त्याहून जास्त टिकते. माणूस दोन-तीन दिवस टक्क जागा राहतो, भरभर बोलतो, आणि मग दिवस-रात्र मेल्यासारखा झोपतो. हे चक्र पुन्हा पुन्हा दिसलं तर ती मोठी खूण. ताटातली भाकरी आणि शेंगाचटणी तशीच वाळते, पाण्याचे तांबे मात्र रिकामे होतात, कारण तोंडाला कोरड पडते. तोंडात गुटखा नाही, तरी जबडा हलतोय, दात करकर वाजताहेत, हे नीट बघा. रात्री तीनला पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसायचं आणि पुन्हा जोडायचंच नाही, असले उद्योगही होतात.

मग अंगाकडे बघा. भर उजेडातही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, घाम, हातांना थरथर, झपाट्याने उतरलेलं वजन. कातडीखाली किडे वळवळतात असं वाटून हात-चेहरा खाजवून खाजवून जखमा होतात. काही काळाने दात किडून तुटू लागतात. खोलीत काचेची नळी, जळलेली फॉइल किंवा कापलेला स्ट्रॉ सापडू शकतो.

बोलण्यातला संशय ऐका. ‘समोरचे माझ्यावर पाळत ठेवतात’, कानात आवाज येतात, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून येणं. हे नाटक नसतं. मेंदूत डोपामिन या रसायनाचा पूर येतो, त्याचा हा परिणाम. अशा वेळी वाद घालून काहीही सिद्ध होत नाही.

लगेच शिक्का मारू नका. थायरॉईड वाढला तरी वजन घटतं, धडधड होते, झोप उडते. क्षयातही वजन उतरतं आणि घाम येतो. काही मानसिक आजारांतही माणूस रात्र-रात्र जागतो. डॉक्टरांना सगळं सांगा. लघवीच्या तपासणीत मेथ साधारण दोन ते चार दिवस सापडतं. पण सर्दीच्या काही गोळ्यांनीही किट चुकीचं ‘पॉझिटिव्ह’ दाखवतं, म्हणून मेडिकलमधून किट आणून घरी न्यायनिवाडा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धोक्याची वेळ ओळखा. मेथने रक्तदाब आणि ठोके वाढतात; तरुणालाही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. शरीराचं तापमानही चढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असताना हे जिवावर बेततं. अंग तापलेलं, छातीत कळ, असंबद्ध बडबड किंवा फिट असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. तोवर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, फिट आली तर कुशीवर वळवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, दोरीने बांधू नका. काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवू नका.

बोलायचं कधी? नशेत नाही, मध्यरात्री तर नाहीच. झोप झाली, दोन घास पोटात गेले की एकट्याने बोला: ‘तू तीन रात्री झोपला नाहीस, मला भीती वाटते. डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत आहे.’ भावकी गोळा करून पंचायत भरवली की पोरगं घर सोडतं.

उपचार. मेथवर हमखास औषध अजून नाही. समुपदेशन आणि वर्तनोपचारावर भर असतो, आणि सुटून परत लागणं घडतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. पोलिसांच्या भीतीने घरचे अडून बसतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसच्या, कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण आहे. ते उपचार पुरे करण्याच्या अटीवर. नशा सुटल्यानंतरचे पहिले दिवस उदासीचे असतात, जीव द्यायचे विचार येतात. तेव्हा त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.